मागवाल्याची कैफियत आणि प्रतिदावा

दिवाणी कोर्टाचें समन्स हातीं पडलें म्हणजे आपल्याकडील सामान्य मनुष्याचे मनांत बहुधा दोनच विचार येतात. एक, ‘मी कांहीं देणें लागत नाहीं’ असें सांगून मोकळें व्हावें; आणि दुसरा, तारीख चुकवावी व पुढें काय होतें तें पाहावें. ‘वादीच माझें देणें लागतो, तें मी ह्याच दाव्यांत मागून घेईन’ हा तिसरा विचार फार थोड्यांस सुचतो, आणि ज्यांस सुचतो त्यांतील पुष्कळांस तो उशिरां सुचतो. ज्या गांवचा बहुतेक व्यवहार उधारीवर व तोंडच्या शब्दावर चालतो, त्या गांवांत ह्या अज्ञानाची किंमत किती पडते ह्याचा विचार करण्यास भिवंडीइतकें योग्य स्थळ दुसरें सांपडणार नाहीं.

भिवंडी हें ठाणें जिल्ह्यांतील यंत्रमागांचें शहर होय. मोमीन विणकर, तेलंगणाकडून आलेले पद्मशाली, उत्तर हिंदुस्थानांतून पोट भरण्यास आलेले कारागीर, आणि मूळचे मराठी रहिवासी, इतक्या लोकांचा प्रपंच येथील मागांच्या खडखडाटावर चालत आला आहे. पुष्कळ मागवाले स्वतःचें सूत घेऊन स्वतःचें कापड विकीत नाहींत. तितकें भांडवल त्यांजपाशीं नसतें. व्यापारी सूत पुरवितो, मागवाला तें विणून कोरें कापड परत करतो, आणि मीटरामागें ठरलेल्या दरानें मजुरी घेतो. करार कागदावर क्वचितच असतो. चिठ्ठीवर ताक्यांची संख्या, वहींत दोन आंकडे, आणि बाकीचें सर्व परस्परांच्या ओळखीवर.

धंदा बरा चालला असतां ह्या पद्धतींत कोणास कांहीं अडचण भासत नाहीं. बाजार बसला म्हणजे मात्र त्याच चिठ्ठ्यांना दोन दोन अर्थ फुटूं लागतात. व्यापारी म्हणतो, कापडास डाग आहेत, सूत वजनांत कमी भरलें, नुकसानी कापून घेणार. मागवाला म्हणतो, चार महिन्यांची मजुरी थकली आहे, आणि तुम्हीं मध्येंच सूत बंद केल्यामुळें माझे माग रिकामे राहिले. शेवटीं मागवाला हातीं असलेले ताके अडवून धरतो, व व्यापारी सुताच्या किंमतीचा दावा ठोकतो. ताके अडविणें ही मागवाल्याची दांडगाई आहे असें समजण्याचें कारण नाहीं. दुसऱ्याच्या मालावर आपले श्रम व कौशल्य खर्च करणाऱ्यास त्या श्रमाचा मोबदला मिळेपर्यंत तो माल ठेवून घेण्याचा हक्क १८७२ सालच्या कराराच्या कायद्यानें, त्याच्या १७० व्या कलमांत, स्पष्टपणें दिलेला आहे. परंतु माल ठेवून घेणें निराळें व पैसे मागणें निराळें. ठेवून घेतलेला माल ही ढाल झाली. ढालीनें कोणाची मजुरी वसूल होत नाहीं.

अशा मागवाल्याची कैफियत पाहिली तर ती बहुधा ‘नाकबूल’ ह्या एका शब्दाभोंवतीं फिरत असते. सूत इतकें आलें नाहीं, नाकबूल. दर हा नव्हता, नाकबूल. मजुरी थकल्याचा उल्लेख आलाच तर तो तक्रारीच्या सुरांत येतो, मागणीच्या सुरांत येत नाहीं. आणि कोर्ट जें मागितलें नाहीं तें देत नसतें. वादी हरला तरी अशा प्रतिवादीच्या पदरांत फार तर दाव्याचा खर्च पडतो. थकलेली मजुरी थकलेलीच राहते.

कायद्याची स्थिति पूर्वीं खरोखरच कोती होती, हें कबूल केलें पाहिजे. १९०८ सालच्या दिवाणी व्यवहारसंहितेंत प्रतिवादीस एक लहानसें दार होतें, तें मुजऱ्याचें. दावा पैशाचा असावा, प्रतिवादीची मागणीही ठराविक रकमेची असावी, ती कायद्यानें वसूल होण्याजोगी असावी, दोघेही पक्ष दोन्ही मागण्यांत एकाच नात्यानें उभे असावेत, आणि रक्कम कोर्टाच्या अधिकाराबाहेरची नसावी. इतकें सर्व जमलें म्हणजे ती रक्कम वादीच्या रकमेंतून वजा मागतां येत असे. नुकसानभरपाई ही ठराविक रक्कम नव्हे, म्हणून ती ह्या दारांतून आंत येत नसे. दावा पैशाचा नसून कापड परत मिळण्याचा असला तर दार बंदच. मग प्रतिवादीनें आपला निराळा दावा लावावा, निराळा वकील द्यावा, निराळ्या तारखा खाव्यात, आणि एकाच व्यवहारावर दोन कोर्टांनीं दोन निकाल द्यावेत, अशी व्यवस्था होती.

इंग्लंडांत ही अडचण १८७३ सालच्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यानें दूर झाली होती. ज्यांनीं आपणांस संहिता दिली त्यांनीं आपल्या घरीं केलेली सुधारणा इकडे आणिली नाहीं, आणि स्वराज्य आल्यावरही आपणांस ती करण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं कोर्टांनीं आपल्या परीनें वाट काढिली होती. प्रतिवादीच्या कैफियतींतील मागणी उलट दाव्याची फिर्याद म्हणून मानतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं एका गुजराती व्यापारी कुटुंबाच्या तंट्यांत म्हटलें. अखेर १९७६ सालच्या दुरुस्तीनें आठव्या आदेशांत ‘सहा-अ’ पासून पुढचे नियम घातले गेले, व ते १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलांत आले. म्हणजे इंग्रज प्रतिवादीस जो हक्क मिळाला तो हिंदी प्रतिवादीस मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें गेलीं.

ह्या नियमांनीं दिलेला हक्क मोठा आहे. प्रतिवादीचें कारण दाव्यापूर्वीं घडलेलें असो वा दाव्यानंतर, पण कैफियत देण्याच्या आंत किंवा ती देण्याची मुदत संपण्याच्या आंत घडलेलें असलें म्हणजे झालें. मागणी ठराविक रकमेची असो, नुकसानभरपाईची असो, मनाईहुकुमाची असो. प्रतिदावा हा पैशाच्या दाव्यापुरताच मर्यादित नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेविलें आहे. तो फिर्यादीप्रमाणें वाचला जातो, वादीस त्याला उत्तर द्यावें लागतें, व उत्तर न दिल्यास त्याच्याविरुद्ध निकाल होऊं शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, प्रतिदावा पाहून घाबरलेल्या वादीनें आपला दावा काढून घेतला, किंवा तो फेटाळला गेला, तरी प्रतिदावा मरत नाहीं. तो स्वतःच्या पायांवर पुढें चालतो. ‘दावा लावून पाहूं, अंगावर आला तर काढून घेऊं’ ह्या सावकारी युक्तीस एवढा चोख उतारा दुसरा नाहीं. मात्र प्रतिदाव्याचें तोंड वादीकडे असावें लागतें. केवळ सहप्रतिवादीवर रोंखलेला प्रतिदावा चालत नाहीं, असा २००६ सालचा निर्णय आहे, व तो रास्तच आहे.

आतां प्रश्न उरतो वेळेचा, आणि बहुतेक प्रतिदावे मरतात ते येथेंच.

कैफियत देण्यास समन्स लागल्यापासून तीस दिवस, व कोर्टानें कारण नमूद करून वाढविल्यास नव्वद दिवस, अशी मुदत २००२ सालच्या दुरुस्तीनें ठेविली आहे. कैफियतीबरोबर प्रतिदावा दिला तर वादच नाहीं. परंतु नवखा प्रतिवादी घाईनें कैफियत देतो, आणि थकलेल्या मजुरीचा हिशेब करण्याचें त्यास दुसऱ्या किंवा तिसऱ्या वकिलाकडे गेल्यावर सुचतें. त्याचें काय? ह्यावर निरनिराळीं मतें होतीं, तीं १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानें अशोककुमार कालरा ह्यांच्या प्रकरणांत एके ठिकाणीं आणिलीं. कैफियत दिल्यानंतरही प्रतिदावा देतां येईल, पण तो हक्क म्हणून नव्हे, तर कोर्टाच्या मर्जीनें. आणि मुद्दे निघेपर्यंतच. उशीर किती, त्याचें कारण काय, मागणी मुदतींत आहे किंवा नाहीं, वादीचें त्यामुळें नुकसान होतें कीं काय, हें सर्व कोर्टानें पाहावें. न्या. शांतनगौडर ह्यांनीं आपल्या स्वतंत्र मतांत अपवादात्मक प्रसंगीं वादीचा पुरावा सुरू होईपर्यंत सवलत ठेविली होती.

आमच्या मतें बहुमताची रेषा योग्य ठिकाणीं ओढली आहे. मुद्दे निघाले म्हणजे तंट्याचा आराखडा ठरला. त्यानंतर नवीन मागणी आणणें म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर पाया बदलण्यासारखें आहे. परंतु ज्या प्रतिवादीस ‘मुद्दे’ म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, त्यास ती रेषा दिसणार कशी? न्यायालयानें मर्यादा सांगितली. ती मर्यादा तालुक्याच्या कोर्टांत उभ्या असलेल्या मनुष्यापर्यंत पोंचविण्याचें काम कोणाचें, हें कोणींच सांगितलें नाहीं.

ह्याहूनही घातक एक खांच आहे, व तिजकडे पुष्कळ वकिलांचेंही लक्ष जात नाहीं. १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत मुजरा व प्रतिदावा ह्यांजमध्यें भेद केला आहे. मुजऱ्याची मागणी वादीच्या दाव्याच्याच तारखेस दाखल झाली असें समजतात. प्रतिदावा मात्र ज्या दिवशीं तो कोर्टांत दिला त्याच दिवशीं दाखल झाला असें समजतात. हा भेद कागदावर बारीक दिसतो. उदाहरणादाखल अशी कल्पना करा कीं, एका मागवाल्यानें मार्च २०२२ अखेर काम पुरें करून दिलें व त्याची ठरल्या दरानें १,८०,००० रुपये मजुरी येणें राहिली. व्यापाऱ्यानें सुताच्या किंमतीबद्दल २,५०,००० रुपयांचा दावा फेब्रुवारी २०२५ मध्यें, म्हणजे तीन वर्षें पुरीं होण्यास कांहीं आठवडे असतां, लाविला. समन्स मार्चच्या मध्यास लागलें. मागवाल्यानें वकील पाहिला, कागद जमविले, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांत, नव्वद दिवसांच्या आंत, कैफियत दिली. त्या कैफियतींत त्यानें आपली मजुरी मुजऱ्याच्या रूपानें मागितली असेल तर ती फेब्रुवारींत मागितली असें धरलें जाईल, व मुदतींत बसेल. त्यानें तीच रक्कम केवळ प्रतिदावा म्हणून मागितली असेल तर ती एप्रिलची मागणी ठरेल, आणि तीन वर्षें मार्चअखेर संपून गेलेलीं असतील! दाव्यास उशीर झाला असतां अपिलासारखा विलंबमाफीचा अर्जही चालत नाहीं. शहाणा वकील असला तर तो दोन्ही मागण्या एकाच कैफियतींत, एक मुख्य व दुसरी पर्यायी, अशा मांडील. पण हें ज्यास सुचलें नाहीं त्याच्या अशिलाची मजुरी एका शब्दाच्या निवडीवर बुडाली.

आणि व्यापाऱ्यानें पैशाचा दावा न लावितां कापड परत मिळण्याचा लाविला असता तर? मग मुजरा नाहींच, उरला एक प्रतिदावा, आणि तोही मुदतीबाहेर. हातीं असलेल्या ताक्यांवरील हक्क तेवढा शिल्लक, कारण मुदत संपल्यानें इलाज जातो, हक्क जात नाहीं. परंतु ते ताकेही त्यानें भलेपणानें आधींच परत केले असतील, तर त्यास हात चोळीत बसण्यावांचून गत्यंतर नाहीं. वर्षाचे शेवटले दिवस पाहून दावा लावणारा वादी हें सर्व जाणून असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जाणणाऱ्यास कायद्यानें हें हत्यार दिलेलें आहे, हें खरें.

आमच्या मतें हा भेद ठेवण्यास कांहीं सबळ कारण नाहीं. दोन्ही मागण्या एकाच व्यवहारांतून निघाल्या असतील तर दोहोंसही वादीच्या दाव्याची तारीख लागू करावी. वादीनें जुना हिशेब स्वतः उकरून काढला असतां त्याच हिशेबाची दुसरी बाजू ‘शिळी झाली’ असें म्हणण्याचा अधिकार त्यास कां असावा?

मुदतीनंतर येतो पैशाचा प्रश्न. प्रतिदावा ही फिर्याद, म्हणून तिजवर फिर्यादीइतका कोर्टस्टांप लागतो. दाव्यांत आधींच खेंचला गेलेला मनुष्य आणखी रक्कम कोठून आणणार, हें पुष्कळ प्रतिदावे न दिले जाण्याचें खरें कारण असतें. येथें कायदा आपल्या समजुतीहून उदार आहे. निर्धन म्हणून स्टांपाशिवाय दावा लावण्याची सवलत केवळ वादीलाच आहे असा सार्वत्रिक समज आहे, परंतु त्याच १९७६ च्या दुरुस्तीनें तेहतिसाव्या आदेशांत सतरावा नियम घालून मुजरा किंवा प्रतिदावा मागणाऱ्या निर्धन प्रतिवादीसही ती सवलत दिली आहे. प्रकरण लोकन्यायालयांत मिटलें तर भरलेली फी परत मिळते, ती तरतूद निराळीच.

ह्या सर्वांत नवीन असें कांहीं नाहीं, हें महाराष्ट्राच्या वाचकांस सांगावयास नकोच. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्याच्या मुळाशीं जीं गाऱ्हाणीं होतीं त्यांत एकतर्फी हुकूमनाम्यांचें गाऱ्हाणें मोठें होतें. सावकार दावा लावी, कुणबी कोर्टांत जात नसे, किंवा जाऊन गप्प उभा राही, आणि खताच्या पाठीमागें कोणता हिशेब आहे हें कोणी विचारीत नसे. म्हणून १८७९ सालच्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें, प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरतें, कोर्टावर असें कर्तव्य घातलें कीं, प्रतिवादीस बोलावून त्याचें म्हणणें ऐकावें व व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंचा हिशेब घ्यावा. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं ह्याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. तेव्हांही ‘ऋणको शिरजोर होईल, पत बुडेल’ अशी ओरड झाली होती. त्या कायद्याचे गुणदोष कांहींही असोत, त्यांतील एक तत्त्व आजही खरें आहे: हिशेब म्हटला म्हणजे त्यास जमा व नांवें अशा दोन बाजू असतात, आणि एकच बाजू पाहून दिलेला हुकूमनामा हा अर्धा न्याय होय. कुणब्याच्या जागीं आज मागवाला उभा आहे, इतकेंच.

प्रतिदाव्याच्या विरुद्ध जें बोललें जातें तेंही निराधार नाहीं. प्रतिदावा म्हणजे दावा लांबविण्याची युक्ति, असें व्यापारी म्हणतात, व कांहीं प्रकरणीं तें खरें असतें. वादीची मागणी लाखाची पाहून प्रतिवादी दोन लाखांची मनःकल्पित नुकसानी लिहून देतो, आणि साध्या दाव्याचें गुऱ्हाळ होतें. ह्यावर नियमांतच एक उपाय आहे: प्रतिदावा स्वतंत्र दाव्यानेंच निकालांत काढणें योग्य असें वादीस वाटल्यास तो वगळण्याचा अर्ज त्यास करतां येतो. दुसरा उपाय मात्र हास्यास्पद झाला आहे. खोट्या व त्रासदायक मागणीबद्दल नुकसानीदाखल खर्च देवविण्याचें जें ३५-अ कलम आहे, त्यांत साध्या दिवाणी दाव्यांस कमाल मर्यादा तीन हजार रुपयांची आहे. तीन हजारांत आज एका तारखेस वकील उभा राहत नाहीं. खोटा दावा लावणारा वादी व खोटा प्रतिदावा देणारा प्रतिवादी, दोघांसही ह्या रकमेची भीति वाटण्याचें कारण नाहीं. २०१५ सालच्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानें व्यापारी दाव्यांपुरती ही मर्यादा काढून टाकली. तीन लाखांच्या आंतील गरिबांच्या तंट्यांस ती अद्याप चिकटलेली आहे.

मंचाविषयीं थोडेंसें. तीन लाख व त्यावरील व्यापारी तंट्यांस वरील कायदा लागू पडतो, आणि तेथें कैफियतीची शेवटची मर्यादा एकशेंवीस दिवसांची असून ती ओलांडली कीं कैफियत देण्याचा हक्कच जातो. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या मागवाल्यास २००६ सालच्या कायद्याखालीं सुलभता परिषदेकडे थकलेली मजुरी चक्रवाढ व्याजानें मागतां येते. पण तेथेंही समोरच्या व्यापाऱ्यास प्रतिदावा देतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं ठरविलें आहे, म्हणून डागी कापडाचा प्रश्न तेथें टळेल अशी आशा कोणी करूं नये. बँकेनें कर्जवसुली न्यायाधिकरणांत ओढलेल्या कर्जदारास तेथें प्रतिदावा देण्याची मुभा आहे, सक्ति नाहीं. २०२२ च्या निर्णयानें त्यास दिवाणी कोर्टाचें दारही मोकळें ठेविलें आहे. भिवंडीच्या कोर्टाचें नांव अलीकडे देशभर गाजलें तें २०१४ सालच्या एका राजकीय भाषणावरून झालेल्या मानहानीच्या फिर्यादीमुळें. तें प्रकरण फौजदारी, आणि फौजदारींत प्रतिदावा नसतो. तेव्हां त्यावरून येथील रहिवाशांनीं आपल्या दिवाणी हक्कांचा अंदाज बांधूं नये.

राहतां राहिली समन्साची गोष्ट. दिवाणी संहितेच्या परिशिष्टांत समन्साचा जो नमुना आहे त्यांत प्रतिदावा हा शब्द मुळींच नाहीं असें नाहीं. कागदपत्रें हजर करण्याविषयींच्या एका लांबलचक वाक्यांत तो ओझरता येतो; ‘ज्या कागदांवर तुमचा बचाव, मुजरा किंवा प्रतिदावा अवलंबून असेल ते आणावे’, ह्या अर्थानें. प्रतिदावा म्हणजे काय, तो केव्हां द्यावा, न दिल्यास काय होतें, ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. उलट त्याच नमुन्याच्या खालीं टीप आहे, ती अशी कीं, दावा कबूल असेल तर पैसे खर्चासह कोर्टांत भरावे, म्हणजे अंगावर किंवा मालमत्तेवर बजावणी येणार नाहीं. देणें कसें फेडावें हें सरकार प्रतिवादीस स्वतंत्र टीप देऊन समजावितें. येणें कसें मागावें हें मात्र त्यानें एका पोटवाक्यांतून ओळखून घ्यावें!

ही उणीव दूर करण्यास पार्लमेंटाकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. संहितेच्या पहिल्या परिशिष्टांतील नियम व नमुने आपल्या प्रांतापुरते बदलण्याचा अधिकार १२२ व्या कलमानें हायकोर्टांस दिलेला आहे. मुंबई हायकोर्टानें समन्साच्या टिपेंत तीन वाक्यें वाढवावींत: वादी तुमचें कांहीं देणें लागत असल्यास तें तुम्ही ह्याच दाव्यांत मागूं शकतां; तें कैफियतीबरोबरच मागा, मुद्दे निघाल्यावर मागतां येणार नाहीं, आणि मुदत तुमच्या मागणीच्या तारखेपासून मोजली जाऊं शकते; फी भरण्याची ऐपत नसल्यास तसा अर्ज करा, व तालुका विधी सेवा समितीकडे जा. हीं तीन वाक्यें मराठींत तर असावींतच, पण भिवंडीच्या कोर्टांतून निघणाऱ्या समन्सावर तीं उर्दूंत व तेलगूंतही छापलीं पाहिजेत; कारण ज्या घरांत तीं वाचावयाचीं आहेत त्यांतील पुष्कळ घरांची भाषा ती आहे.